पुनर्विकास करताना गल्ली विसरू नका: या चुका टाळा

पुनर्विकासाच्या सभेतला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कार्पेट (म्हणजे घरातली वापरायची जागा) किती वाढवून देणार?’ दुसरा कॉर्पसचा, म्हणजे डेव्हलपरकडून मिळणाऱ्या एकरकमी निधीचा, तिसरा काम चालू असतानाच्या भाड्याचा, मग पार्किंग. तासाभराने एखादे आजोबा उठून विचारतात, ‘आपल्या खालचा इस्त्रीवाला परत येणार का हो?’ तोपर्यंत अर्धी सभा चहाकडे वळलेली असते.

मी दोन सोसायट्यांच्या पुनर्विकास समितीत बसलोय, एक आमची आणि एक सासुरवाडीची. वाढीव जागेवरून दोन्हीकडे महिनोन्‌महिने भांडण चाललं. फाटक कुठे असावं यावर मात्र दहा मिनिटंही कोणी खर्च केली नाहीत. आज आमच्या गल्लीत रोज सकाळी जो गोंधळ होतो, तो त्या फाटकामुळेच.

गल्लीसकट शहर वाढवायच्या विचाराला ‘स्मार्ट ग्रोथ’ म्हणतात. हा शब्द अमेरिकेत १९९०च्या दशकात रूढ झाला. मेरीलँड राज्याने १९९७ साली त्यासाठी कायदेही केले. तिथलं दुखणं वेगळं होतं. शहरं पसरत शेतांत शिरली होती आणि दूध आणायलाही गाडी काढावी लागत होती. त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे आटोपशीर दाट वस्ती, घराखाली दुकान, चालत जाता येईल अशी शाळा, वेगवेगळ्या ऐपतीची माणसं एकाच परिसरात आणि निर्णयात रहिवाशांचा हात. गिरगावात किंवा सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला हे वाचून हसू येईल, कारण हे सगळं आपल्याकडे होतंच. पुनर्विकासात आपण त्यातली फक्त दाटी उचलतो, तीही एफएसआयच्या (प्लॉटच्या मानाने किती बांधता येईल त्या आकड्याच्या) भाषेत, आणि बाकीचं डेब्रिजच्या ट्रकमध्ये भरून पाठवतो.

मजले वाढले, रस्ता तेवढाच

याचं सगळ्यात मोठं उदाहरण गिरणगाव. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतला ५८ क्रमांकाचा नियम गिरण्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे करत होता : एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरण्यांच्या बहुतेक जागेवर शेड उभ्या होत्या, त्यामुळे वाटायला फारसं काही राहिलंच नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल उचलून धरला. मग कार्यालयांचे मनोरे आले, माणसं आली, पण स्टेशनचे जिने गिरण्यांच्या काळातलेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आजच्या प्रभादेवी स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. कारणं बरीच सांगितली गेली, पाऊसही त्यात आला. पण परिसराची दाटी वाढवताना पायी चालणाऱ्याचा हिशेबच कोणी केलेला नव्हता, हे त्या अरुंद पुलाकडे पाहून कळत होतं.

सोसायटीच्या पातळीवर हीच चूक छोट्या आकारात होते. मुंबईच्या उपनगरांत प्लॉटसमोरचा रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल, तर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीवरचे बांधकामाचे हक्क, वापरता येत नाही. त्याहून रुंद रस्त्यांवर रुंदीप्रमाणे टीडीआर वाढत जातो. त्यामुळे फिजिबिलिटी रिपोर्ट (प्लॉटवर किती बांधता येईल याचा अहवाल) हातात आला की आधी रस्त्याची रुंदी स्वतः टेप धरून मोजा. कागदावरचा रस्ता आणि जागेवरचा रस्ता यांत फरक निघाला तर सगळी गणितं फिरतात. पार्ले, सांताक्रूझ, घाटकोपर अशा विमानतळाजवळच्या भागांत असाल तर उंचीची मर्यादाही लगेच तपासून घ्या. नाहीतर एफएसआय कागदावर दिसतो, पण वर चढवायला आकाश मिळत नाही. रुंदीकरणासाठी प्लॉटची पट्टी सोडावी लागणार असेल, तर त्यातला पदपथ किती आणि गाड्यांचा भाग किती, हे पालिकेच्या रस्ते विभागाला आधीच लेखी विचारा. विचारलं नाही तर वर्षभरात त्या पट्टीवर दुचाकी उभ्या राहतात.

पोडियम आणि आंधळी भिंत

माझा राग खरा इथे आहे. जुन्या तीन मजली इमारतीचा तळमजला रस्त्याला डोळा लावून असायचा. गॅलरीतून आजी ओरडायची, खाली वाण्याचं दुकान उघडं असायचं, जिन्यात कोणीतरी बसलेलं असायचं. नव्या इमारतीत पहिले तीन-चार मजले गाड्यांचे, तोच पोडियम. रस्त्याच्या बाजूला सिमेंटची जाळी, त्यापुढे आठ फुटी कंपाउंडची भिंत आणि एका टोकाला चौकीत पहारेकरी. अशा चार इमारती ओळीने झाल्या की रात्री नऊनंतर त्या गल्लीतून मुलगी एकटी यायला कचरते. चोरी झाली की सोसायटी आणखी दोन कॅमेरे बसवते. ते कॅमेरे सोसायटीच्या आत बघतात, रस्त्याकडे नाही.

उपाय महाग नाहीत, पण नकाशा ठरण्याआधी मागावे लागतात. रस्त्याकडची बाजू गाड्यांना देऊ नका. तिथे चार छोटे गाळे, सोसायटीचं ऑफिस, बालवाडीची खोली, काहीही चालेल, फक्त दार रस्त्याकडे उघडलं पाहिजे. भिंत कमरेपर्यंत ठेवून वर गज लावा. गाड्यांचा रॅम्प पदपथ कापून जात असेल तर पदपथाची पातळी तीच राहू द्या आणि गाडीने चढावं-उतरावं. आपल्याकडे नेमकं उलट होतं, म्हाताऱ्या माणसाला दर वीस पावलांवर उतरावं लागतं. डेव्हलपर म्हणेल, ‘गाळ्यांमुळे फ्लॅटचा दर पडतो.’ त्याला त्याच परिसरातल्या गाळ्यांचे दर विचारा, मग बोलणं जरा खाली येतं.

मुलांच्या खेळायच्या जागेचंही तेच. मनोरंजनाची मोकळी जागा जमिनीवरच हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली मुंबईच्याच एका प्रकरणात सांगितलं होतं. पोडियमवरच्या कृत्रिम गवतावर वडाचं झाड लागत नाही, आणि ‘चप्पल घालून येऊ नये’ अशी पाटी मात्र लागते. बेसमेंट प्लॉटच्या कडेपर्यंत नेलं की मोठ्या झाडाच्या मुळांना माती उरत नाही. ‘झाडं लावू’ या आश्वासनापेक्षा बेसमेंट कुठे थांबतं ती रेघ बघा.

पाणी शेजाऱ्याकडे

२६ जुलै २००५ला सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्यानंतर प्रत्येक नवी इमारत आपलं जोतं उंच घेते, आणि त्यात चूक काही नाही. पण प्लॉट पूर्ण काँक्रीटचा करून वर उचलला की आधी तिथे मुरणारं पाणी समोरच्या जुन्या चाळीत शिरतं. आमच्या गल्लीत पुनर्विकासानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात समोरच्या तळमजल्यावर पाणी आलं आणि तीस वर्षांची शेजारधर्माची नाती गेली. आर्किटेक्टला एकच गोष्ट विचारा : प्लॉटवर पडलेलं पाणी कुठल्या कोपऱ्यातून, कोणत्या गटारात जाणार, आणि त्या गटाराचा तळ आपल्या चेंबरपेक्षा खाली आहे का? पर्जन्यजल संधारणाच्या टाकीत गाळ साचलाय का, हेही दर मेमध्ये उघडून पाहावं लागतं.

प्रत्येकाने आपापलं उरकणं

शेजारशेजारच्या चार सोसायट्या वेगवेगळ्या डेव्हलपरकडे गेल्या, तर चार रॅम्प, चार ट्रान्सफॉर्मर आणि चार भिंती होतात. मधल्या मोकळ्या पट्ट्या इतक्या चिंचोळ्या राहतात की तिथे फक्त एसीचे डबे बसतात. प्लॉट एकत्र केले तर एकच प्रवेश, एक नीट अंगण आणि शाळेकडे जाणारी आरपार पायवाट निघू शकते. मुंबई शहर भागात समूह पुनर्विकासासाठी किमान ४,००० चौरस मीटर जागा लागते, पण दोन-तीन प्लॉट जोडायला एवढं मोठं काही लागत नाही. समूह पुनर्विकासाला घाईचं कामही समजू नका. भेंडी बाजारच्या साडेसोळा एकरांवरचा प्रकल्प सुरू झाल्यावर पहिले मनोरे भरायला दहाएक वर्षं गेली. एकत्र येणं जमत नसेल तर निदान पाडकाम एकाच वर्षी नको. सगळ्यांनी एकदम घरं रिकामी केली की जवळपासची भाडी वाढतात, ठरलेलं भाडं पुरत नाही आणि मुलांना शाळेसाठी दोन स्टेशनं लांबून यावं लागतं.

बहुमत मिळालं, पण कोणाचं?

सहकार कायद्याच्या ७९-अ कलमाखालचा ४ जुलै २०१९चा शासन निर्णय सभासदांपुरता आहे : सभेला दोन तृतीयांश हजेरी आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती. इस्त्रीवाला, फाटकाजवळची भाजीवाली आणि तळमजल्यावर पोटभाड्याने असलेला शिंपी या आकड्यात बसत नाहीत. कायद्याने त्यांची बाजू घेतलेली नाही. पण ठरावात ‘रस्त्याकडच्या गाळ्यांपैकी दोन जुन्या दुकानदारांना आधी विचारावेत’ अशी एक ओळ घालायला कायदा अडवतही नाही. सासुरवाडीच्या सोसायटीने ती घातली. शिंपी परत आला, किराणावाल्याला नवं भाडं परवडलं नाही.

देखभाल खर्चाचंही तसंच. लिफ्ट, अग्निशमनाचे पंप, यांत्रिक पार्किंग, सांडपाणी प्रक्रिया या सगळ्यांचं दर महिन्याचं बिल येतं. पेन्शनवरचं कुटुंब दोन-तीन वर्षांत फ्लॅट विकून बदलापूरला जातं आणि मूळ रहिवासी हळूहळू ओसरतात. नकाशा ठरतानाच देखभालीचा अंदाज लेखी मागा. कॉर्पस वाटून टाकण्याआधी त्याच्या व्याजात हा फरक निघतो का, ते कागदावर मांडा.

नकाशा मंजूर झालाय, आता?

मजल्यांची संख्या आता बदलणार नाही, त्यामागे धावू नका. भिंतीची उंची, फाटकाची जागा, रॅम्पचा उतार, तळमजल्याचा वापर आणि झाडांचे खड्डे मात्र सुधारित नकाशात बसू शकतात. विक्रीचे फ्लॅट बुक होण्याआधी हे मागा. रेराच्या (घरखरेदीदारांच्या संरक्षणाच्या कायद्याच्या) १४व्या कलमाप्रमाणे नंतर मंजूर आराखडा बदलायचा तर दोन तृतीयांश खरेदीदारांची संमती लागते, आणि त्या लोकांनी तुमची गल्ली अजून पाहिलेलीही नसते. मागणी तोंडी नको. आमच्या फाटकाचं असंच झालं, ‘बघू, करून देतो’ असं जिन्यात ठरलं आणि जिन्यासोबत पडलं.