डोकं किती वाजता उठतं, ते आधी लिहून काढा

मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत ब्लाऊज शिवते. लग्नसराईत काम थांबवून चालत नाही, त्यामुळे अर्धशिशी कधी गाठते हे ओळखणं मला भागच होतं. हा त्रास असणाऱ्या प्रत्येकानं एक वही घालावी, असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

दुखणं सुरू झाल्याची वेळ लिहायचीच, पण त्याआधीची चाहूल कधी लागली तेही लिहा. काही तास आधी, कधी आदल्या दिवशीच, जांभयांवर जांभया येतात, मान धरते, गोड खावंसं वाटतं, उगाच चिडचिड होते. माझ्या वहीतली एक नोंद बघा: ‘शुक्रवार, अंबाबाईचा उपवास. आदल्या रात्री उशिरापर्यंत हुक लावत बसले. सकाळी सातला मान जड, जांभया. साडेदहाला डावी भुवई ठणकायला लागली, सुईत दोरा ओवताना उजेड सोसेना.’ नुसतं साडेदहा लिहिलं असतं तर दोष उन्हाला गेला असता. खरं कारण जागरणात नि रिकाम्या पोटात होतं.

सूर्य चढतो तसं डोकं चढतं, असं आपल्याकडची जुनी माणसं म्हणतात. 2023 साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा छापून आला. त्यात साधारण निम्म्या रुग्णांमध्ये वेळेचा ठराविक पॅटर्न दिसला: उशिरा सकाळपासून संध्याकाळपर्यंत झटके जास्त, रात्री सगळ्यात कमी. झोप, भूक आणि शरीराचं घड्याळ सांभाळणारा मेंदूतला हायपोथॅलॅमस यात गुंतलेला असतो. पण उरलेल्या निम्म्यांचं काय? तुमच्या वहीत ठराविक वेळ दिसली नाही, तर ओढूनताणून काढू नका.

सकाळचं दुखणं असेल तर उठायची वेळ रविवारीही तीच ठेवा. चहाचंही तसंच. रोज चहा पिणाऱ्याला तो मिळाला नाही, तर शेवटच्या कपानंतर 12 ते 24 तासांत डोकं धरू शकतं. तेव्हा चहा एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा. दुपारनंतरचं असेल तर जेवण आणि पाणी बघा. अस्तर-फॉल आणायला एप्रिलच्या उन्हात उपाशीपोटी बाहेर पडणं मी बंद केलंय. आधी भाकरी, मग बाजार. कडक उपवासापेक्षा फळं-दूध घेऊन केलेला उपवास देवीला चालतो, असं माझं ठाम मत आहे.

डॉक्टरांनी दिलेली गोळी ठणका सुरू होताच घ्यावी, वाढायची वाट बघू नये. मात्र गोळीचीही नोंद हवी. महिन्यात 15 किंवा जास्त दिवस साधी वेदनाशामकं, किंवा 10 किंवा जास्त दिवस ट्रिप्टान (अर्धशिशीच्या खास गोळ्या) घेणं असं तीन महिन्यांच्या वर चाललं, तर गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागू शकतं. हृदयविकार असेल तर ट्रिप्टान चालत नाही, तेव्हा शेजारणीची गोळी मागून घेऊ नका.

रोज रात्री ठरल्या वेळी एका डोळ्यामागे असह्य कळ येऊन जाग येत असेल, त्याच डोळ्यातून पाणी येत असेल आणि एका जागी बसवत नसेल, तर ती बहुधा क्लस्टर डोकेदुखी असते. तिचा उपचार वेगळा, डॉक्टरांना वेळेसकट सांगा. आणि डोकं क्षणात फुटल्यासारखं दुखलं, बोलताना जीभ अडखळली, हात-पाय लुळा पडला किंवा तापाबरोबर मान ताठली, तर वही लिहीत बसू नका, थेट मोठं रुग्णालय गाठा, आमच्याकडे सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे.