आई-आबांचं थायरॉईड तपासताय? या चुका टाळा

आमची आत्या तासगावची, वय ७६. दोन वर्षं झाली पोट साफ होत नाही म्हणायची, मे महिन्यात पण पंखा बंद करा म्हणायची, आवाज घोगरा झालेला, आणि एकच गोष्ट चारदा विचारायची. आम्ही सगळे शहाणे, म्हणायचो वय झालं आता. शेवटी कोलेस्टेरॉल लई वाढलं म्हणून डॉक्टरांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ताची टेस्ट, करायला सांगितली आणि थायरॉईड कमी काम करतंय असं निघालं. तर पहिली चूक हीच, सगळं वयावर ढकलायचं.

उलटं पण होतं. थायरॉईड जास्त काम करत असलं की तरुण माणसाचे हात थरथरतात, घाम फुटतो, पण म्हाताऱ्या माणसात तसलं काही दिसेलच असं नाही. नुसतं वजन उतरतं, माणूस गप्प गप्प बसतं, नाडी वेडीवाकडी चालते, आणि घरचे म्हणतात टेन्शन घेतंय. नाडीचं तेवढं हलक्यात घेऊ नका.

आता रिपोर्ट. टीएसएच जास्त म्हणजे थायरॉईड जास्त असं लई जणांना वाटतं, तसं नाही, ते बहुतेक वेळा कमी काम करतंय असा त्याचा अर्थ. आणि रिपोर्टवर ०.४ ते ४ च्या आसपास जी रेंज छापलेली असते ती बऱ्याच लॅबमध्ये सगळ्या वयांना एकच असते. वयाबरोबर टीएसएच थोडा वाढतोच, ऐंशीच्या माणसाला ६-७ आला म्हणजे रोग झाला असं नाही. पण कॅम्पमध्ये ६.२ आला की घरात धावपळ, आणि काही घरात तर सुनेची थायरॉईडची गोळी सासूला चालू करतात, हे अजिबात करू नका. दोन-तीन महिन्यांनी परत टीएसएच करा, सोबत फ्री टी४ पण, म्हणजे थायरॉईडच्या हार्मोनची टेस्ट. पासष्टीच्या पुढच्या अशाच किंचित वाढलेल्या लोकांवर २०१७ साली एक मोठा अभ्यास आला, त्यात गोळीने थकव्यात फरक पडला नाही. टीएसएच १० च्या वर गेला तर गोष्ट वेगळी, तिथं डॉक्टर सहसा गोळी देतात, पण म्हाताऱ्या माणसाला, त्यात हार्टचं असेल तर, कमी डोसनंच सुरुवात करतात. गरजेपेक्षा जास्त गोळी झाली तर हृदयाचे ठोके बिघडतात, हाडं ठिसूळ होतात.

न्यूमोनियानं ॲडमिट असताना केलेल्या टेस्टवर लगेच विश्वास ठेवू नका, आजारपणात आकडे हलतात. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून टेस्टच्या दोन दिवस आधी बंद ठेवा, त्यानं आकडे चुकीचे येऊ शकतात. आणि हृदयाच्या ठोक्यांसाठी ॲमिओडारोन नावाचं औषध चालू असेल तर ते आठवणीनं सांगा, त्यानंच थायरॉईड बिघडू शकतं.

गोळी चालू आहे तरी टीएसएच उतरत नाही? डोस वाढवायच्या आधी स्वयंपाकघरात बघा. आत्याचं असंच झालं, पहाटे पाचला चहा आणि चहाबरोबरच गोळी, वर कॅल्शियमची पण त्याच घोटात. गोळी नुसत्या पाण्याबरोबर, चहा अर्ध्या ते एक तासानं, कॅल्शियम आणि लोहाची गोळी चार तास लांब. चहाशिवाय डोळाच उघडत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तर चालेल का ते डॉक्टरांना विचारा. आत्यानं तेच केलं, सहा आठवड्यांनी टेस्ट केली, डोस न वाढवता आकडा खाली आला, आणि पहाटेच्या चहाला कोणी हात लावला नाही म्हणून ती जास्त खुश.