हायड्रॉलिक पंप बंद पडला की पाना उचलायच्या आधी हे बघा

आयटीआयला फिटर ट्रेडची 2 वर्षं झाली आणि मी भोसरी एमआयडीसीत एका प्रेस शॉपला मेंटेनन्समधे अप्रेंटिस म्हणून लागलो. तिसऱ्याच महिन्यात सेकंड शिफ्टला 100 टनी हायड्रॉलिक प्रेस (ऑइलच्या प्रेशरवर चालणारा) थांबला. मोटर फिरतेय, आवाज रोजच्यासारखाच, पण प्रेशर गेजचा काटा 30 किलोच्या (दर चौरस सेंटीमीटरला) पुढं सरकेना, रोज तो 140 ला असायचा. ऑपरेटर म्हणाला पंप गेला, सुपरवायझर म्हणाले पंप गेला, मग आम्हीपण पंपच खोलला. रात्री साडेअकरापर्यंत स्टोअरमधला नवीन व्हेन पंप (आत सरकत्या पात्या असलेला) बसवून चालू केलं तर काटा परत 30 वरच.

थर्ड शिफ्टला आमचे मामा आले (सगळे त्यांना मामाच म्हणायचे). त्यांनी पाना मागितलाच नाही, पॉवर पॅकच्या (टाकी, मोटर, पंप यांचा संच) मागं गेले आणि रिलीफ व्हॉल्ववरून (प्रेशर ठरल्यापेक्षा वाढलं की ऑइल टाकीत सोडणारा) टाकीत येणाऱ्या पाईपवर हात ठेवला, मग मला म्हणाले तूपण ठेव. पाईप चांगलाच तापलेला आणि आतून सळसळ लागत होती. म्हणाले, "पंप ऑइल देतोय रे, ते जातंय कुठं ते शोध." रिलीफ खोलला तर पॉपेट (व्हॉल्वचं बूच) आणि ते जिथं बसतं त्या सीटच्या मधे टेफलॉन टेपचा एक पांढरा धागा अडकलेला, नखाएवढा पण नाही. आदल्या दिवशी गेज बदलताना कोणीतरी टेप आट्याच्या तोंडापर्यंत गुंडाळली होती, तिचाच तुकडा. धागा काढला, सीट पुसली, काटा 140 ला. जुना पंप नंतर बेंचवर खोलून बघितला तर रिंग, व्हेन सगळं ठणठणीत.

म्हणून नवीन मुलांना मी पहिली गोष्ट हीच सांगतो की पंप फक्त ऑइल ढकलतो, प्रेशर तयार होतं ते ऑइलला पुढं अडवणूक झाल्यावर. प्रेशर नाही म्हणजे दोनच गोष्टी, एकतर पंपातून ऑइल येत नाही किंवा येतंय आणि मधूनच टाकीत पळतंय. आधी हे ठरवा, मग हात घाला.

ऑइलच येत नसेल तर टाकीची लेव्हल बघा, मग मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडणारं कपलिंग, कारण त्यातला रबरी स्पायडर तुटला की मोटर मस्त फिरत राहते आणि पंपाचा शाफ्ट जागेवर. मोटर नुकतीच रिवाइंड होऊन आली असेल किंवा पॅनलमधे कोणी वायरी काढल्या असतील तर फिरायची दिशा पंपावरच्या बाणाशी जुळवा. उलटी असेल तर मेन स्विच बंद करून, लॉक लावून कुठल्याही दोन फेज अदलाबदल करायच्या. मग सक्शन स्ट्रेनर, म्हणजे पंप ऑइल ओढतो त्या तोंडाची जाळी. आमच्याकडं टाकी चिंधीनं पुसायची सवय होती, त्या चिंधीचे धागे जाळीवर असे बसायचे की जाळी दिसायचीच नाही, तेव्हापासून टाकीत चिंधी मी घालूच देत नाही.

आवाज ओळखायला शिका, त्याला वेळ लागतो पण खूप कामाला येतो. स्ट्रेनर चोक असेल किंवा थंडीत ऑइल घट्ट असेल तर पंप एकसारखा किंचाळतो. सक्शन लाईन हवा ओढत असेल तर खडखडतो, खडे भरल्यासारखा, आणि टाकीत फेस दिसतो. मग सक्शनच्या जॉइंटवर एकेक करून ग्रीस लावत जायचं, ज्या जॉइंटला आवाज बदलला तिथूनच हवा शिरतेय.

ऑइल येऊन पळत असेल तर रिलीफ, आणि त्याच्याबरोबर विजेवर चालणारा सोलेनॉइड व्हॉल्व. पुष्कळ पॉवर पॅकमधे सोलेनॉइडला सप्लाय नसला की ऑइल सरळ टाकीत जातं, सुटलेल्या एका वायरीसाठी लोक पंप बदलतात. रॅमखाली (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) कोणी नाही याची खात्री करून व्हॉल्वची मॅन्युअल पिन दाबून बघा, प्रेशर आलं तर भानगड इलेक्ट्रिकलची आहे.

आणि हे नीट वाचा. मी हात लावायला सांगितला तो टाकीकडं परत येणाऱ्या लाईनला. प्रेशर लाईनचा लीक हातानं कधीच शोधायचा नाही, सुईच्या भोकातनं येणारी धार कातडीच्या आत ऑइल घुसवते, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते पण बोट कापावं लागू शकतं, दुखत नसलं तरी लगेच हॉस्पिटल. लीक शोधायला पुठ्ठा फिरवायचा. काही खोलायच्या आधी रॅमखाली ठोकळा, अ‍ॅक्युम्युलेटर (प्रेशरखाली ऑइल साठवणारी बाटली) असेल तर तो रिकामा, आणि काटा शून्यावर.

एवढं करून पंपच खराब निघाला तर नवीन पंप कोरडा चालू करू नका. पंपाच्या पोर्टमधून (ऑइलच्या तोंडातून) स्वच्छ ऑइल भरा, शाफ्ट हातानं फिरवा, रिलीफ पूर्ण सैल करा, मोटर क्षणभर चालू करून लगेच बंद, असे दोन-तीन झटके द्या. टाकीतला फेस बसला की मग रिलीफ थोडा थोडा आवळत काटा वर आणा.