पंचविशीत आरोग्य विम्याची फेरतपासणी कशी करावी

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत आरोग्य विम्याकडे फारसे कोणी वळून पाहत नाही. आई-वडिलांनी पूर्वी काढलेल्या मेडिक्लेममध्ये आपले नाव असते, कंपनीने पाठवलेले ई-कार्ड मेलमध्ये कुठेतरी पडून असते आणि या दोन्हींतून नेमके काय मिळणार, हे रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीसमोर उभे राहीपर्यंत वाचलेले नसते. तरुण वयात हप्ता कमी बसतो, हे खरेच आहे. परंतु माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट अशी की, प्रस्ताव अर्जात आजारांच्या रकान्यापुढे खरेपणाने ‘नाही’ लिहिता येण्याची मुभा कधी संपेल, हे कोणालाच ठाऊक नसते. आज लागू झालेला प्रतीक्षा काळ, म्हणजे काही आजारांचा खर्च पॉलिसीतून मिळत नाही असा सुरुवातीचा काळ, ठणठणीत असतानाच सरून जावा, यासाठी ही तपासणी लवकर करायची.

सुरुवात नवी पॉलिसी शोधण्यापासून करू नये. आपण सध्या कोणकोणत्या पॉलिसींखाली येतो, त्यांतली कोणती आपल्या स्वतःच्या नावावर आहे आणि प्रत्येकीची मुदत केव्हा संपते, एवढे आधी एका कागदावर लिहून काढावे. बहुतेक तरुणांच्या कागदावर स्वतःच्या नावाची पॉलिसी नसतेच. कंपनीचा समूह विमा नोकरी असेपर्यंतच टिकतो. माझ्या मावसभावाने एक नोकरी सोडली आणि दुसरी तीन आठवड्यांनी सुरू होणार होती. नेमक्या त्याच मधल्या काळात त्याला डेंग्यूमुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले. जुन्या कंपनीचे संरक्षण शेवटच्या कामाच्या दिवशी संपले होते आणि नव्या कंपनीचे सुरू झाले नव्हते. सगळे बिल त्याने साठवलेल्या पैशांतून भरले. समूह विम्यातून बाहेर पडणाऱ्याला त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो आणि समूह विम्यात काढलेला काळ प्रतीक्षा काळात धरला जातो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. राजीनामा देण्यापूर्वीच मनुष्यबळ विभागाकडे याची लेखी विचारणा करावी.

आई-वडिलांच्या फ्लोटर, म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या एकत्रित पॉलिसीतही अपत्याला वयाची अट असते आणि ती बऱ्याचदा २५ वर्षांची असते. शिवाय फ्लोटरमधील रक्कम सगळ्यांत मिळून एकच असते. वडिलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेत ती संपली, तर त्या वर्षी आपल्यासाठी फारसे काही उरत नाही. त्या पॉलिसीतून बाहेर पडताना, आपण तिच्यात काढलेली वर्षे नव्या पॉलिसीत धरली जावीत अशी मागणी करता येते; त्यासाठी जुन्या पॉलिसीच्या सर्व वर्षांच्या प्रती जपून ठेवाव्यात.

पॉलिसीत काय वाचायचे

प्रत्येक पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक असते. संरक्षण काय आहे, काय वगळले आहे, मर्यादा आणि प्रतीक्षा काळ कोणते आहेत, हे त्यात सोप्या भाषेत दिलेले असते. संपूर्ण दस्तऐवज वाचण्याचा धीर नसेल, तर निदान हे पत्रक पेन हातात घेऊन वाचावे. त्यातही सर्वांत आधी खोलीभाड्याची ओळ शोधावी, कारण माणसे विम्याची रक्कम पाहून निश्चिंत होतात आणि पैसे मात्र या ओळीपाशी अडकतात.

समजा, विम्याची रक्कम ५ लाख रुपये आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला एक टक्का, म्हणजे ५,००० रुपये आहे. रुग्ण ८,००० रुपयांच्या खोलीत चार दिवस राहिला. बिलात खोलीचे ३२,००० रुपये, शस्त्रक्रिया, डॉक्टर व शस्त्रक्रियागृह यांचे मिळून १,६०,००० रुपये आणि औषधांचे ४०,००० रुपये लागले. एकूण बिल २,३२,००० रुपयांचे, म्हणजे विम्याच्या रकमेच्या निम्म्याहूनही कमी. साहजिकच वाटते की खोलीभाड्यातील फरकाचे १२,००० रुपये तेवढे आपल्याला भरावे लागतील. प्रत्यक्षात मर्यादेपेक्षा महाग खोली घेतली की खोलीशी निगडित इतर खर्चालाही तेच प्रमाण लावण्याची अट अशा पॉलिसींमध्ये बहुधा असते. ८,००० पैकी ५,००० मान्य, म्हणून १,६०,००० पैकी आठात पाच हिस्से, म्हणजे १,००,००० मान्य होतात. औषधांना ही कपात लावता येत नाही. खोलीचे २०,०००, शस्त्रक्रियेचे १,००,००० आणि औषधांचे ४०,००० मिळून कंपनी १,६०,००० देते आणि उरलेले ७२,००० रुपये रुग्णाच्या खिशातून जातात. म्हणून पॉलिसी बदलताना खोलीभाड्यावर मर्यादा नसलेली किंवा निदान ‘एका व्यक्तीची खासगी खोली’ असे स्पष्ट लिहिलेली पॉलिसी घ्यावी. थोडा जास्त हप्ता देऊन काही सुधारायचे असेल, तर सर्वांत आधी हेच सुधारावे.

त्यानंतर को-पे पाहावा. प्रत्येक दाव्यातील ठरावीक टक्के आपण भरायचे, अशी ती अट असते. आरोग्य संजीवनी या १ एप्रिल २०२० पासून सुरू झालेल्या प्रमाणित पॉलिसीत ५ टक्के को-पे आहे आणि खोलीभाडे दिवसाला विमा रकमेच्या २ टक्के, पण कमाल ५,००० रुपये आहे. काहीच नसण्यापेक्षा ती पॉलिसी निश्चितच चांगली. परंतु महानगरात राहणाऱ्याने तेवढ्यावर थांबू नये. मोतीबिंदूसारख्या ठरावीक उपचारांवरच्या वेगळ्या मर्यादा आणि हातमोजे, मास्क अशा किरकोळ साहित्याचा खर्च मिळतो की नाही, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

प्रतीक्षा काळ तीन प्रकारचे असतात. नव्या पॉलिसीत पहिले ३० दिवस अपघात वगळता इतर आजारांसाठी संरक्षण नसते. हर्निया, मूतखडा, सायनस अशा नेमून दिलेल्या आजारांसाठी बहुधा दोन वर्षे थांबावे लागते. आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा काळ विमा नियामकाने, म्हणजेच आयआरडीएआयने, २०२४ मध्ये ४८ महिन्यांवरून कमाल ३६ महिन्यांवर आणला. ज्यांना येत्या काही वर्षांत मूल हवे आहे त्यांनी प्रसूतीचा वेगळा प्रतीक्षा काळही वाचावा. तो अनेकदा दोन ते चार वर्षांचा असतो, म्हणून गर्भधारणेनंतर काढलेल्या पॉलिसीचा त्या प्रसूतीसाठी सहसा उपयोग होत नाही.

रक्कम किती आणि ती कशी वाढवायची

रक्कम ठरवताना ओळखीच्या माणसाने किती घेतली आहे, हा निकष लावू नये. आपल्या घराजवळच्या ज्या रुग्णालयात आपण खरोखरच जाऊ, तिथे एखाद्या मोठ्या शस्त्रक्रियेचा आणि अतिदक्षता विभागातील आठवड्याचा अंदाजे खर्च विचारावा. ही चौकशी फोनवरही होते. मोठ्या शहरात एकट्या तरुणासाठी १० लाखांची मूळ पॉलिसी आणि तिच्यावर सुपर टॉप-अप, म्हणजे मूळ रकमेच्या वरच्या खर्चासाठीची जोड पॉलिसी, ही जोडी मला योग्य वाटते. लहान गावात मूळ रक्कम कमी ठेवूनही चालू शकते, परंतु गंभीर आजारात आपण शहरातच येणार आहोत, हे विसरू नये.

टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांत नावापुरताच फरक आहे असे समजून चुकीची खरेदी करणारे बरेच आढळतात. दोन्हींत एक ठरावीक रक्कम ओलांडल्यावरच विमा लागू होतो. ही रक्कम ५ लाख आहे आणि वर्षभरात ४ लाख व ३ लाख अशी दोन बिले झाली असे धरू. साधा टॉप-अप प्रत्येक बिल स्वतंत्र पाहतो. दोन्ही बिले ५ लाखांच्या आत असल्याने तो काहीच देत नाही. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज पाहतो आणि ७ लाखांपैकी ५ लाखांवरचे २ लाख देतो. सुपर टॉप-अपच घ्यावा आणि ती ठरावीक रक्कम आपल्या मूळ पॉलिसीच्या रकमेइतकीच ठेवावी.

मूळ पॉलिसीच्या अटी चांगल्या असतील, तर त्याच कंपनीकडे नूतनीकरणाच्या वेळी रक्कम वाढवून मागावी. वाढीव भागाचे प्रतीक्षा काळ मात्र नव्याने सुरू होतात. तीन वर्षे जुनी ५ लाखांची पॉलिसी १५ लाखांची केली आणि सहा महिन्यांत हर्नियाची शस्त्रक्रिया झाली, तर त्या शस्त्रक्रियेपुरते जुने ५ लाखच धरले जातात.

अटीच खराब असतील, तर पोर्टिंग करावे, म्हणजे जुन्या पॉलिसीतला प्रतीक्षा काळ सोबत घेऊन दुसऱ्या कंपनीकडे जावे. त्यासाठी नूतनीकरणाच्या दोन महिने आधी कामाला लागावे आणि अर्ज किमान ४५ दिवस आधी करावा. नवी कंपनी प्रकृतीची माहिती पाहून नकार देऊ शकते किंवा जास्त हप्ता मागू शकते, त्यामुळे तिचा लेखी होकार हाती येईपर्यंत जुनी पॉलिसी कोणत्याही परिस्थितीत बंद पडू देऊ नये. मुदत टळली तर वार्षिक हप्त्यासाठी ३० दिवसांची सवलत मिळते आणि तेवढ्यात हप्ता भरल्यास आधीचे लाभ तुटत नाहीत. परंतु त्या मधल्या दिवसांत झालेल्या उपचारांचा खर्च मिळत नाही.

कराबाबत थोडक्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे. आयकरातील वजावट जुनी करपद्धती निवडणाऱ्यांनाच मिळते, त्यामुळे नव्या पद्धतीत असलेल्यांनी कर वाचेल म्हणून घाईने मार्चअखेर पॉलिसी घेण्याचे कारण नाही.

प्रस्ताव अर्ज स्वतः भरावा

बरेच अर्ज एजंट फोनवर दोन प्रश्न विचारून भरतो आणि आजारांच्या प्रत्येक रकान्यात ‘नाही’ टाकतो. दाव्याच्या वेळी मात्र त्या अर्जाची जबाबदारी आपल्यावर येते. लहानपणीचा दमा, थायरॉईडची रोजची गोळी, मागील वर्षीची छोटी शस्त्रक्रिया, तंबाखू किंवा सिगारेट हे सारे लिहावे. नैराश्य वा चिंतेवरचे उपचार लपवण्याकडे तरुणांचा कल असतो, तो सोडावा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांच्या बरोबरीने विम्याची तरतूद करणे बंधनकारक केले आहे. सांगितलेल्या आजाराला बहुधा कमाल ३६ महिन्यांचा प्रतीक्षा काळ किंवा थोडा जास्त हप्ता लागतो. न सांगितलेला आजार सापडला, तर दावा नाकारला जाऊन पॉलिसीही रद्द होऊ शकते. सलग ६० महिने पूर्ण झाल्यानंतर सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज अशा कारणाने दावा नाकारता येत नाही, हे संरक्षण आहे. परंतु त्याच्या भरवशावर खोटे लिहू नये.

नवी पॉलिसी हाती पडल्यावर तिची पहिली दोन पाने त्याच दिवशी तपासावीत. नावाचे स्पेलिंग, जन्मतारीख, वारसाचे नाव, आपण सांगितलेले आजार आणि खोलीभाड्याची अट हे जसे ठरले तसेच छापले आहे का, ते पाहावे. पोर्टिंग केले असेल, तर पहिल्या पॉलिसीच्या आरंभाची मूळ तारीख त्यात आलीच पाहिजे, कारण जुन्या वर्षांचा पुरावा तीच तारीख असते. नव्याने घेतलेल्या पॉलिसीत काही चुकले किंवा अट पटली नाही, तर मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करून, किरकोळ कपात वजा जाता, हप्ता परत मागता येतो. चूक दुरुस्त करून घ्यायची असेल, तर ती ईमेलनेच कळवावी. उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर आयआरडीएआयच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी. कंपनीकडे तक्रार करून महिना उलटल्यावर विमा लोकपालाकडेही जाता येते. तिथे शुल्क लागत नाही, वकिलाची गरज नसते आणि महाराष्ट्रातील रहिवाशांसाठी राज्यातच कार्यालये आहेत. तिथे अर्ज करताना ईमेलच्या प्रती, मूळ पॉलिसी आणि आपण भरलेल्या प्रस्ताव अर्जाची प्रत एवढी कागदपत्रे लागतील. म्हणून अर्ज भरतानाच त्याची एक प्रत मागून घ्यावी.