पावसाळ्यात सोसायटी तुंबते? मग या चुका टाळा

जून आला की आमच्या ग्रुपवर तीच रड, कंपाउंडात गुडघाभर पाणी, महापालिका झोपलीये का. असेलही, पण निम्मा घोळ आपणच घालून ठेवलेला असतो.

पहिली चूक म्हणजे अंगणभर काँक्रीट आणि वर पेव्हर ब्लॉक. हिशोब सोपाय, एका चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. २००० चौरस मीटरचा प्लॉट धरा, तासाला ५० मिमी पडला की झालं १ लाख लिटर, म्हणजे १० हजार लिटरचे १० टँकर एका तासात तुमच्या गेटवर रिकामे. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिमीच्या हिशोबानं बांधलेली, पुढे ५० धरलं, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला. त्यात भरती असली की समुद्र पाणी घेतच नाही, ते आपल्याच दारात थांबणार. त्यामुळे झाडांभोवती तरी माती मोकळी सोडा, शोषखड्डा करा. केलाय आणि पाणी जिरत नाही? बहुतेक वरची वाळू गाळानं चोक झालीये, मे महिन्यातच काढून धुवा नाहीतर बदला.

दुसरी चूक आमचीच. पंपाचं पॅनल जमिनीपासून दीड फुटावर होतं, पाणी शिरलं, पॅनल जळलं, तीन दिवस सातव्या मजल्यापर्यंत बादल्या. इलेक्ट्रिशियननं नवीन पॅनल त्याच भोकांत बसवून दिलं आणि कमिटीतला एकही माणूस काही बोलला नाही, मीपण नाही! पुढच्या जुलैत परत तेच. आता भिंतीवर पुराची जी मळकट रेघ राहिलीये तिच्या दोन फूट वर आहे. मीटरचं पण तसंच करून घ्या, फक्त त्याला वीज कंपनीची परवानगी लागते.

अंडरग्राउंड टाकीचं झाकण जमिनीलगत असेल तर गटाराचं पाणी थेट तुमच्या नळाला. कड बांधून उंच करा. आत गेलंच तर नुसतं क्लोरीन टाकून भागवू नका, पंप बंद, टाकी पूर्ण रिकामी, घासून धुणं, मग क्लोरीन. वरची टाकीपण.

तळमजल्याच्या संडासातून पाणी उलटं येतं म्हणून लोक मेन लाइनला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी, उलटं आलं की मिटणारी झडप) लावतात, आणि तिथंच फसतात, कारण तो बंद झाला की वरच्या मजल्यांचं पाणी बाहेर जात नाही आणि येतं तळमजल्यावरच. आधी तळमजल्याची लाइन वेगळी करा, व्हॉल्व्ह फक्त तिच्यावर. आणि त्यात कपडा किंवा पॅड अडकलं तर झडप मिटत नाही, त्यामुळे पावसाआधी उघडून बघायचाच.

पाणी उतरावं म्हणून मॅनहोलचं झाकण कोणी काढत असेल तर सरळ भांडा. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत एक नामवंत डॉक्टर असल्याच उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले.

आणि हो, पाणी गेटाशी दिसलं की लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर नेऊन तिचा मेन स्विच बंद करा, हे वॉचमनला आत्ताच दाखवून ठेवा, रात्री तीनला तोच जागा असतो.