ओपन कव्हरमधून निवड: मेंगर आणि रोथबर्गरच्या सिद्धता कशा लिहाव्यात

दहावीपर्यंत मराठीत शिकून पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजीत पडलेल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या मुलांचा एमएस्सीच्या टोपॉलॉजीत घात करतो तो 'फॉर एव्हरी' आणि 'देअर एक्झिस्ट्स' यांचा क्रम. सिलेक्शन प्रिन्सिपलमध्ये (कव्हरांच्या क्रमिकेतून निवड करून स्पेस झाकण्याचे नियम; मेंगर आणि रोथबर्गर हे त्यातलेच दोन) तर सगळी मेख तिथेच आहे. म्हणून आधी बाजाराला जाऊ.

समजा बेळगावचा शनिवारचा बाजार दर आठवड्याला भरतो आणि कधीच थांबत नाही. प्रत्येक शनिवारी इतका माल येतो की त्या एकाच बाजारातून घरातली प्रत्येक गरज भागेल. पण पिशवी लहान, एका खेपेला मोजक्याच वस्तू मावतात. शनिवार कुठलाही असो, त्या एकाच खेपेत मोजक्या वस्तूंत सगळे घर भागत असेल तर घर कॉम्पॅक्ट. दर शनिवारी मोजक्या वस्तू आणून, सगळ्या शनिवारांचे मिळून घर भागत असेल तर मेंगर. दर शनिवारी एकच वस्तू उचलायची मुभा असूनही भागत असेल तर रोथबर्गर.

आता नेमके लिहू. घर म्हणजे स्पेस, एका शनिवारचा बाजार म्हणजे एक ओपन कव्हर (मिळून सगळा स्पेस झाकणारे ओपन सेट), आणि वस्तू म्हणजे त्यातला एक सेट. क्ष हा स्पेस, आणि उ१, उ२, उ३… ही त्याच्या ओपन कव्हरांची क्रमिका. प्रत्येक उन (म्हणजे न-वे कव्हर) मधून एक सांत, म्हणजे मोजक्या सेटांचा, उपसंच फन असा निवडता आला, की सगळ्या फन मिळून क्ष झाकला जातो, तर क्ष मेंगर. फन मध्ये एकेकच सेट चालणार असेल तर रोथबर्गर. पहिला गुणधर्म मेंगरच्या १९२४ च्या कामातून आला, हे कव्हरांचे रूप हुरेविचने १९२५ मध्ये दिले, रोथबर्गरचा १९३८ चा. आज वापरतात ती एस-एक (एकेक सेट, रोथबर्गर), एस-फिन (सांत निवड, मेंगर) ही चिन्हपद्धत शीपर्सच्या १९९६ च्या लेखापासून रुळली.

स्पेस मेंगर किंवा रोथबर्गर आहे हे दाखवणाऱ्या सिद्धतेची पहिली ओळ कायम एकच: 'उ१, उ२, … ही कोणतीही क्रमिका घ्या.' ही क्रमिका समोरचा देतो, तुम्ही नाही. मेंगर नाही असे दाखवायचे असेल, किंवा मेंगर आहे हे धरून पुढचे काही काढायचे असेल, तेव्हाच क्रमिका तुमच्या हातात येते. उत्तरपत्रिकेत निम्मे गुण इथेच जातात.

हात बसवायला सोपी सिद्धता: मेंगर असेल तर लिंडेलॉफ (प्रत्येक ओपन कव्हरातले गणनीय, म्हणजे १, २, ३ असे क्रमांक देता येतील इतकेच, सेट पुरतात असा) असतोच. एकच कव्हर उ घ्या आणि प्रत्येक शनिवारी तोच बाजार भरवा, म्हणजे उन = उ. निवडलेले सगळे फन सांत, त्यांचा युनियन गणनीय, झाले. सिग्मा-कॉम्पॅक्टचेही तसेच: क्ष हा क१, क२, … या कॉम्पॅक्ट तुकड्यांचा युनियन असेल तर उन ला फक्त कन झाकायला लावा.

उलट दिशा मात्र लिहू नका. मेट्रिक स्पेसमध्ये मेंगर असला की सिग्मा-कॉम्पॅक्ट असणारच, असा मेंगरचा अंदाज होता. फ्रेमलिन आणि मिलर यांनी १९८८ मध्ये कोणतेही जादा गृहीतक न घेता तो खोटा ठरवला.

'मेंगर नाही' हे दाखवण्याचे काम एकदा बारकाईने करून बघा. स्पेस घ्या नैसर्गिक संख्यांच्या सर्व अनंत क्रमिकांचा (अपरिमेय संख्यांचा स्पेस याच्याशी होमिओमॉर्फिक, म्हणजे टोपॉलॉजीच्या नजरेने सारखाच, आहे). उन मध्ये एकेक सेट असा: 'ज्यांची न-वी संख्या अमुक आहे त्या सगळ्या क्रमिका'. समोरच्याने उ१ मधून ७ पर्यंतचे सेट घेतले, उ२ मधून १२ पर्यंतचे, उ३ मधून ३ पर्यंतचे. तुम्ही ८, १३, ४, … अशी क्रमिका लिहा. प्रत्येक ठिकाणी त्याच्या मोठ्यात मोठ्या संख्येहून एक जास्त, म्हणून ती कुठल्याच निवडीत सापडत नाही. निवड सांत असल्यामुळेच 'मोठ्यात मोठी' असते, हे वाक्य लिहायचे राहिले तर सिद्धता लंगडी.

०ते१ हा बंद इंटरव्हल कॉम्पॅक्ट, म्हणून मेंगर; पण रोथबर्गर नाही. उन म्हणजे १/३ च्या न-व्या घाताएवढ्या लांबीचे ओपन इंटरव्हल. एकेक उचलले तर लांब्यांची बेरीज जास्तीत जास्त १/२, आणि झाकायचे आहे १. इथे लांबी १/न घेणारे बरेच भेटतात. ती बेरीज अनंताकडे जाते आणि युक्तिवाद तिथेच कोसळतो.

गणनीय इतक्या मेंगर स्पेसचा युनियन मेंगर असतो, याची गोम क्रमिका वाटून घेण्यात आहे. उ१ पासूनची सगळी कव्हरे पहिल्याच तुकड्याला वापरली तर बाकीच्यांना काय उरणार? म्हणून शनिवार वाटा: १, ३, ५, ७… पहिल्याला, २, ६, १०, १४… दुसऱ्याला, ४, १२, २०, २८… तिसऱ्याला, पुढे दर वेळी दुप्पट. प्रत्येकाच्या वाट्याला अनंत बाजार येतात. हीच वाटणी रोथबर्गरलाही जशीच्या तशी चालते.

बंद उपसंचाला गुणधर्म उतरवताना प्रत्येक कव्हरात उपसंचाबाहेरचा भाग हा एक ओपन सेट म्हणून घाला, निवड झाल्यावर काढून टाका. रोथबर्गरमध्ये नेमका तोच उचलला गेला असेल तर जागा रिकामी ठेवू नका, त्या कव्हरातला दुसरा कुठलाही सेट बसवा.

शेवटी ओमेगा-कव्हर. क्ष चा प्रत्येक सांत उपसंच ज्याच्या एखाद्या सेटमध्ये पूर्ण मावतो, पण ज्यात स्वतः क्ष नाही, ते ओमेगा-कव्हर. साध्या कव्हरातल्या सेटांचे सांत युनियन घेतले की ते तयार होते, असे सगळे बेधडक लिहितात. यात एक फट आहे: एखादा सांत युनियन क्ष एवढाच भरला तर ते ओमेगा-कव्हर राहत नाही. मेंगर दाखवताना ती फट बुजवणे सोपे: तसे झालेच तर त्या कव्हरातल्या मोजक्या सेटांनीच क्ष झाकला गेला, आणि काम संपले. ही एक ओळ आधी लिहा, मग पुढे सरका.