सोलर पॉवर बँक घेताना आणि वापरताना या चुका टाळा

पॉवर बँकेच्या पाठीवर चिकटवलेलं ते काळं चकचकीत पॅनेल पाहिलं की वाटतं, चला, चार्जिंगची कटकट मिटली. उन्हात ठेवायची, भरून घ्यायची, फोनला लावायची. मलाही तसंच वाटलं होतं. दोन दिवसांच्या ट्रेकला निघताना तसली एक पॉवर बँक सॅकला बाहेरून अडकवली आणि दिवसभर उन्हातून चाललो. मधेच मान वळवून बघायचो, तर हिरवा दिवा लुकलुकत असायचा. म्हणजे भरतेय, असा माझा समज. संध्याकाळी फोन लावला तर बॅटरी जेमतेम तीन-चार टक्के वर सरकली आणि पॉवर बँक गप्प झाली. वस्तू बिघडलेली नव्हती. तिच्याकडून जेवढं होण्यासारखं होतं तेवढं तिनं केलं होतं, हिशेब माझा चुकला होता.

तो दिवा तर फारच फसवा. थोडासा उजेड पडला तरी तो लागतो, कधीकधी घरातल्या बल्बखालीसुद्धा. किती वीज आत जातेय हे तो सांगत नाही.

पाठीवरच्या पॅनेलवर भिस्त ठेवणं

हिशेब शाळेतल्या गणिताइतकाच आहे, तो एकदा मांडून बघा. स्वच्छ आकाश, भर दुपार आणि पॅनेल थेट सूर्याकडे तोंड करून असेल, तर एका चौरस मीटरवर साधारण १००० वॉट इतकं ऊन पडतं. पॅनेलची क्षमता ठरवणारी प्रमाण चाचणीही याच आकड्यावर होते. आता फोनच्या आकाराचं पॅनेल १६ सेंटीमीटर लांब आणि ८ सेंटीमीटर रुंद धरा. त्याच्या वाट्याला सगळं मिळून १३ वॉट ऊन येतं. चांगलं मोनोक्रिस्टलाइन (एकसंध सिलिकॉन स्फटिकाचं) पॅनेल त्यातला साधारण पाचवा भाग विजेत बदलतं, म्हणजे अडीच वॉट. कडेची मोकळी पट्टी, वरचं प्लास्टिक, तापलेले सेल आणि आतलं सर्किट यांचा वाटा वजा केला की हातात दीड वॉट उरला तरी नशीब म्हणायचं.

२०,००० एमएएचच्या (मिलिअँपियर-अवर, खोक्यावरचा क्षमतेचा आकडा) पॉवर बँकेत ७४ वॉट-अवर ऊर्जा मावते; एक वॉट तासभर मिळाला की एक वॉट-अवर. ७४ ला दीडने भागा: जवळपास ५० तास. तेही भर दुपारच्या उन्हाचे. दिवसभराचं कमी-जास्त ऊन गोळा करून ते अशा पाच तासांइतकं भरलं, तरी रिकामी बँक भरायला १० दिवस लागणार. सॅकवर लटकत असताना पॅनेल बहुतेक वेळ आकाशाच्या भलत्याच कोपऱ्याकडे बघत असतं, त्यामुळे माझे तीन-चार टक्केसुद्धा बरेच म्हणायचे.

म्हणून अशी वस्तू घेतलीच तर ती घरून पूर्ण भरून न्यायची पॉवर बँक समजून घ्या. पाठीवरचं पॅनेल अडीअडचणीला तासाभराच्या उन्हात फोनचे पाच-सहा टक्के मिळवून देईल, एखादा महत्त्वाचा कॉल होईल, बस. रोजच्या रोज उन्हावरच चालवायचं असेल तर घडीचं वेगळं पॅनेल आणि वेगळी पॉवर बँक अशी जोडी घ्यावी. माझं तर आता ठाम मत आहे की या दोन वस्तू एकाच डबीत घालणंच मुळात चुकीचं आहे, आणि त्याचं कारण नुसतं आकाराचं नाही.

बॅटरी उन्हात शेकत ठेवणं

पॅनेलला ऊन हवं, लिथियम-आयन बॅटरीला सावली हवी. दोघांचं पटणार कसं? या बॅटऱ्या साधारण ४५ अंश सेल्सियसच्या वर चार्ज करू नयेत असा संकेत आहे. काळ्या रंगाची बंद डबी दुपारच्या उन्हात दगडावर ठेवली की ती हा आकडा सहज ओलांडते. अर्ध्या तासाने उचलून बघा, तळहाताला चटका बसतो. त्या चटक्याच्या आत, चार-सहा मिलिमीटरवर बॅटरी बसलेली असते. चांगल्या उपकरणात अशा वेळी सर्किट चार्जिंग थांबवतं आणि आपण म्हणतो, ‘ऊन तर चांगलं आहे, मग भरत का नाही?’ साध्या उपकरणात ते थांबवतही नाही. बॅटरी मग दर खेपेला थोडी थोडी म्हातारी होत जाते आणि कधीतरी फुगते.

गाडीच्या डॅशबोर्डवर, काचेआड ठेवणं तर दुहेरी नुकसानीचं. साधी काचसुद्धा उन्हाचा थोडा भाग अडवते, रंगीत किंवा फिल्म लावलेली काच बराच अडवते, आणि बंद गाडी आतून भट्टीसारखी तापते.

घडीच्या पॅनेलला मागे एक खिसा असतो, तो याच कामासाठी आहे. केबल जोडायची आणि पॉवर बँक मागच्या सावलीत, शक्यतो पॅनेलला चिकटणार नाही अशी ठेवायची. केबल थोडी लांब असेल तर सरळ सॅकखाली सरकवा. फोनही उन्हात ठेवू नका. पॅनेललाही उष्णता मानवत नाहीच: २५ अंशांच्या वर दर अंशाला त्याचं उत्पादन ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटतं. खाली वारा खेळता राहील असं तिरकं टेकवलं तर तेवढाच फायदा.

एमएएचचा आकडा जसाच्या तसा धरणं

१०,००० एमएएचची पॉवर बँक, फोनची बॅटरी ५,००० ची, म्हणजे फोन दोनदा भरणार. असं होत नाही, आणि यात फसवणूकही नसते. खोक्यावरचा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टला मोजलेला असतो. यूएसबीतून बाहेर पडताना तीच वीज ५ व्होल्टची करावी लागते. ३७ वॉट-अवर भागिले ५ म्हणजे ७,४०० एमएएच, त्यात रूपांतराची गळती धरली की सहा-साडेसहा हजार. खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून हाच लहान आकडा छापलेला असतो. विकत घेताना तो वाचा. फोनमध्ये शिरतानाही थोडी वीज उष्णतेत जाते, तेव्हा १०,००० मध्ये ५,००० चा फोन साधारण दीड वेळा भरतो.

तुलना करायची तर एमएएच बाजूला ठेवा आणि वॉट-अवर बघा. एमएएचला ३.७ ने गुणून १००० ने भागलं की झालं. विमानप्रवासातही हाच आकडा विचारतात: १०० वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक हातातल्या सामानात चालते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, आणि चेक-इन बॅगेत कुठलीच ठेवायची नाही. २७,००० एमएएचला ९९.९ वॉट-अवर होतात, म्हणून त्या आकड्याच्या आसपास बऱ्याच मोठ्या पॉवर बँका थांबतात.

खरी फसवणूक ओळखायला एक तराजू पुरतो. पॉवर बँकेत वापरला जाणारा १८६५० जातीचा गोल सेल, १८ मिलिमीटर जाड आणि ६५ लांब, ४५ ते ५० ग्रॅम भरतो आणि त्यात फार तर ३,५०० एमएएच मावतात. २०,००० एमएएचसाठी असे सहा सेल लागतात, म्हणजे डबी आणि सर्किट सोडून पावणेतीनशे ग्रॅम. चपट्या पॉलिमर सेलनेही यात जमीन-अस्मानाचा फरक पडत नाही. मग ‘५०,००० एमएएच’ लिहिलेली सोलर पॉवर बँक अडीचशे ग्रॅमची असेल तर काय समजायचं ते समजा. खऱ्या ५०,००० ला नुसते सेलच सातशे ग्रॅम होतील.

फोन थेट पॅनेलला लावणं

ही चूक जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा करतो. ऊन लख्ख असतं, फोनवर चार्जिंगचं चिन्ह येतं, आपण निर्धास्त होऊन बाजूला होतो. मग एक ढग येतो. पॅनेलचा व्होल्टेज पडतो, फोन चार्जिंग थांबवतो किंवा अगदी कमी करंट घेऊ लागतो. ढग सरकतो, पण कित्येकदा फोन त्या कमी करंटवरच अडून बसतो, कारण त्याच्या मते समोरचा चार्जर कमजोर आहे. तासाभराने येऊन पाहावं तर बॅटरी दोन टक्के वाढलेली. ढगाळ दिवशी तर उलटच होतं: जोडलं, तुटलं, जोडलं, तुटलं, आणि दर वेळी फोनचा स्क्रीन उजळतो. भरण्याऐवजी फोन उतरतो.

पॅनेलने पॉवर बँक भरावी आणि रात्री पॉवर बँकेने फोन. बहुतेक पॉवर बँका पॅनेलचे असे लहरी चढउतार फोनपेक्षा बऱ्या रीतीने सोसतात. फोन थेट लावणं भागच पडलं तर ढग गेल्यावर केबल काढून परत लावा. नवीन पॅनेल घेताना त्यात ‘ऑटो रिस्टार्ट’ आहे का ते विचारा, हे काम ते स्वतः करतं.

किती वॉटचं घ्यावं? खोक्यावरच्या आकड्याच्या ६० ते ७५ टक्के मिळतील असं धरून चाला. २१ वॉटच्या पॅनेलला दोन यूएसबी पोर्ट असतील तर एका पोर्टमधून फार तर ५ व्होल्ट, २.४ अँपियर, म्हणजे १२ वॉट निघतात. दुसरीकडे पॉवर बँकेचा इनपुट ५ व्होल्ट, २ अँपियर असेल तर ती १० वॉटच्या वर घेणारच नाही, मागे शेतभर पॅनेल पसरलं तरी. या १० वॉटने १०,००० एमएएचची बँक चार-पाच तासांच्या चांगल्या उन्हात भरते. एका फोनवाल्याला ही जोडी पुरे. २०,००० ची बँक एका दिवसात भरायचं स्वप्न असेल तर १८ वॉट किंवा जास्त इनपुटची पॉवर बँक आणि टाइप-सी पोर्टमधून ९ व्होल्ट देणारं मोठं पॅनेल, दोन्ही हवं. एकच बदलून उपयोग नाही.

पॅनेल कसंही पसरून ठेवणं

पॅनेलमधले सेल एकामागे एक साखळीने जोडलेले असतात. पाण्याच्या पाइपवर एका जागी पाय पडला की पुढची धार जाते, तसं एका सेलवर सावली आली की त्या सगळ्या साखळीचा करंट घसरतो. सावली झाडाची असली पाहिजे असं नाही, सॅकचा पट्टा किंवा कॅराबिनर (अडकवायची धातूची कडी) कोपऱ्यावर आला तरी पुरे.

दिशा साधायला पेन्सिलची युक्ती वापरा. पेन्सिल पॅनेलवर काटकोनात उभी धरा आणि तिची सावली नाहीशी होईपर्यंत पॅनेल हलवा. सावली संपली म्हणजे पॅनेल बरोबर सूर्याकडे बघतंय. ६० अंश चुकलं तर ऊन निम्म्यावर येतं, ३० अंश चुकलं तर १३ टक्के जातात. म्हणून तासा-दीड तासाने एकदा फिरवलं तरी पुरतं, सारखं मागे लागायची गरज नाही.

दोष पॉवर बँकेला, गुन्हा केबलचा

‘फार हळू भरतं’ या तक्रारीत मी सगळ्यात आधी केबल बदलून बघतो. बारीक, २८ गेजच्या तारेची एक मीटर केबल घेतली आणि त्यातून २ अँपियर गेले तर जाता-येता मिळून ०.८५ व्होल्ट वाटेतच जिरतात. ५ चे ४.१५ झाले की पुढचं उपकरण करंट आवरतं घेतं. केबलच्या अंगावर बारीक छापलेलं असतं: २८ एडब्ल्यूजी, २४ एडब्ल्यूजी असं काहीतरी. हा तारेच्या जाडीचा, म्हणजे गेजचा आकडा. तो जितका लहान तितकी तार जाड. पॅनेलपाशी वापरायला २४ किंवा त्याहून कमी गेजची आखूड केबल घ्या. सॅकखाली सरकवण्यापुरती लांबी हवीच असेल तर तार आणखी जाड बघा.

सोबत एक छोटा यूएसबी मीटर ठेवा. तो मधे लावला की व्होल्ट आणि अँपियर दिसतात, आणि अंदाजाने भांडणं बंद होतात.

उरलेल्या तक्रारी पटकन

इअरबड किंवा घड्याळ लावलं की पॉवर बँक मिनिटभरात बंद पडते? ती बिघडलेली नाही. इतका कमी करंट म्हणजे काहीच जोडलेलं नाही असं समजून ती झोपते. बऱ्याच पॉवर बँकांत बटण दोनदा दाबून किंवा दाबून धरून कमी करंटचा मोड चालू होतो.

फोनचं फास्ट चार्जिंग होत नाही? फोन आणि पॉवर बँक दोघांनाही एकच पद्धत यायला हवी. काही फोन त्यांच्या कंपनीच्याच चार्जरवर वेगाने भरतात, इतर ठिकाणी साध्या वेगावर येतात. खोक्यावरच्या वॉटपेक्षा तुमचा फोन कोणती पद्धत वापरतो ते आधी बघा.

महिनोन्महिने कपाटात पडलेली पॉवर बँक चालूच होत नाही? साध्या भिंतीच्या चार्जरला काही तास लावून ठेवा. सेल अति उतरल्यामुळे संरक्षक सर्किटने तोडून ठेवलेले असू शकतात. कधी उठते, कधी नाही. ठेवायचीच असेल तर निम्मी भरून थंड जागी ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी एकदा बघा.

आणि डबीची शिवण उकललेली दिसली, टेबलावर ठेवल्यावर ती डुगडुगायला लागली, तर आतला सेल फुगलाय. त्याच क्षणी वापर बंद करा. दाबून बसवायचं नाही, टोचायचं नाही, ‘शेवटचं एकदा’ चार्जही करायचं नाही. पेट घेणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि कचऱ्याच्या डब्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.